ताणाचा ब्रेक आणि आतड्यातले जिवाणू

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांच्या फोनवर हल्ली प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणू असलेल्या पावडरींच्या जाहिराती येऊन आदळतात. आतड्यातले जिवाणू बदला, मूल शांत होईल, असा त्यांचा सूर. या दाव्याच्या मुळाशी एक अस्सल प्रयोग आहे आणि तो मला विलक्षण सुंदर वाटतो.

तो समजायला आधी ताणाची यंत्रणा पाहू. भीती वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यामुळे मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सुटतं, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाहेर पडतं. हेच कॉर्टिसॉल मेंदूत परत येतं, तिथल्या ग्राहक रेणूंना चिकटतं आणि सीआरएच सोडणं थांबवतं. गाडीचा वेग वाढला की त्या वेगानेच ब्रेक दाबला जावा, तशी ही रचना. ग्राहक कमी असले की ब्रेक नीट लागत नाही.

2004 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या नोबुयुकी सुदो आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून जंतुविरहित वाढवलेले उंदीर तासभर नळीत कोंडून ठेवले. नेहमीच्या उंदरांपेक्षा त्यांच्या रक्तात एसीटीएच आणि कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांमधलं कॉर्टिसॉलचं काम करणारं संप्रेरक, बरंच जास्त चढलं. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, या ग्राहकांची निर्मितीही कमी होती. मग काहींना बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जिवाणू दिला, तर प्रतिसाद ताळ्यावर आला. रोगकारक ई. कोलाय दिल्यावर तो आणखी भडकला. निरोगी उंदरांची विष्ठा लहान वयात दिली तर थोडा फरक पडला, मोठेपणी दिली तर काहीच नाही. ताणाची यंत्रणा घडते त्या कोवळ्या काळात जिवाणूंचा हात असतो, हे यातून दिसलं.

पण त्या उंदरांना ऑटिझम नव्हता. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांना चिंतेचा एखादा विकार असतो, आणि काही अभ्यासांत अशा मुलांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉल जास्त आढळलं आहे. त्याचं कारण जिवाणूच, असं मात्र यातून ठरत नाही. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा कारण उलट बाजूने असावं असं दिसलं. ऑटिझममुळे मुलं मोजकेच पदार्थ खातात, त्यामुळे आहारातलं वैविध्य घटतं आणि मग जिवाणूंचंही. ऑटिझमचा जिवाणूंशी थेट संबंध जवळजवळ नव्हताच.

एकेकाळी आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो असं डॉक्टरही सांगत. आता तिच्या स्वयंपाकावर खापर फोडणं तितकंच अन्यायाचं आहे.

बद्धकोष्ठता असेल तर डॉक्टरांकडून उपचार जरूर घ्यावेत. बोलून न सांगता येणारी पोटदुखी चिडचिडीतून बाहेर पडते, आणि तेवढी थांबली तरी मुलाला आराम पडतो.