फास्ट बूगी वाजवताना हात का आखडतो?

गेल्या पावसाळ्यापासून मी इलेक्ट्रिक गिटारवर एक फास्ट बूगी (ब्लूजमधला झुलत्या तालाचा प्रकार) बसवतेय, ए हा मूळ सूर धरून, बारा बारचा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा घरांचा. १२० बीपीएमपर्यंत (मिनिटाला १२० ठोके) हात मस्त चालायचा पण १६० च्या पुढे गेलं की उजवा हात आखडायचा, कोपराखाली दुखायला लागायचं आणि रिफचा, म्हणजे त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या चालीचा, पार चिवडा व्हायचा. ठोके देणारा मेट्रोनोम रोज दोन-दोनने वाढवून झाला, तरी गाडी तिथेच अडायची. मग यामागचं सायन्स वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की आपण जे धरून चाललो होतो तेच चुकीचं होतं. फास्ट वाजवणं म्हणजे स्लो वाजवलेलंच भराभर वाजवणं नाही, ती हालचालच वेगळी असते.

रिफ दिसायला अगदी सोपा आहे. ए ची तार मोकळी, शेजारच्या डी च्या तारेवर पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटला (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीला), दोन्ही तारांवर मिळून दोन फटके, मग तिसरं बोट चौथ्या फ्रेटला, दोन फटके, परत मागे. हे मुळात पियानोवाल्यांच्या डाव्या हाताचं काम. अमेरिकेच्या दक्षिणेत, लाकूडतोडीच्या कॅम्पातल्या दारूच्या गुत्त्यांवर कृष्णवर्णीय पियानोवादकांनी हे घडवलं, १९२८ च्या डिसेंबरमध्ये पाइनटॉप स्मिथने शिकागोत त्याची गाजलेली रेकॉर्ड केली, आणि पुढे चक बेरीसारख्या रॉक अँड रोल गिटारवादकांनी तो डावा हात गिटारच्या जाड तारांवर आणला. पियानोवर हे अंतर हाताखाली असतं, गिटारवर मात्र पाचव्या फ्रेटवरून वाजवायचं झालं तर पहिलं बोट पाचव्यावर धरून करंगळी नवव्यापर्यंत न्यावी लागते, म्हणजे ६४८ मिलिमीटर स्केलच्या (म्हणजे मोकळ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर जवळजवळ १० सेंटीमीटर! आणि बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत येतात. दुखणं कोपराखाली का, ते तेव्हा कळलं.

आता वेगाचं गणित बघा. १८० बीपीएमला एक बीट ३३३ मिलिसेकंदांची. शफलमध्ये, म्हणजे बूगीच्या झुलत्या तालात, तिचे दोन असमान भाग होतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, पुस्तकी हिशेबाने २२२ आणि १११. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे आखूड फटका चुकला हे कळून हात हलेपर्यंत पुढचा फटका वाजूनही गेलेला असतो. प्रत्येक सुराला वेगळा हुकूम सोडायला मेंदूला वेळच नाही. कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच संगीतकारांच्या बोटांचं उदाहरण देऊन सांगितलं होतं की एवढ्या वेगात आधीची हालचाल पुढचीला जागं करते असं होऊ शकत नाही, अख्खी मालिका आधीच तयार असावी लागते. तबला शिकलेल्यांना हे लगेच पटेल. तिरकिट मध्ये चार आघात आहेत पण हात आणि तोंड दोघंही ते एकच अक्षर असल्यासारखं काढतात.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट मात्र वेगळीच. २००२ मध्ये फ्रिबर्ग आणि सुंडस्ट्रोम या दोन स्वीडिश संशोधकांनी जॅझ ड्रमर्सची रेकॉर्डिंग्ज मोजली. संथ लयीत लांब भाग आखूड भागाच्या तिपटीपेक्षाही मोठा निघायचा आणि लय वाढली की दोन्ही सारखे होत जायचे, आखूड भाग साधारण १०० मिलिसेकंदांच्या खाली जायला जणू तयारच नाही. म्हणजे मी ९० ला जो झुलता शफल घोटून घोटून पक्का करत होते तो १८० ला तसाच्या तसा वाजवण्याचा हट्टच माझा हात आखडवत होता.

म्हणून पद्धत बदलली. फक्त दोन बीट, चार फटके, पण एकदम १८० ला, आणि मग थांबायचं. थांबणंही महत्त्वाचं, कारण अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये लिओनार्दो कोहेन यांच्या टीमने २०१९ मध्ये दाखवलं की १० सेकंद सराव आणि १० सेकंद विश्रांती असं केलं तर सुरुवातीची बरीचशी सुधारणा त्या विश्रांतीतच होते, आणि २०२१ मध्ये त्यांना दिसलं की तेवढ्यात मेंदू तीच मालिका जवळपास २० पट वेगाने पुन्हा पुन्हा चालवून बघतो. तो प्रयोग कीबोर्डवर पाच बटणं दाबायचा होता, गिटारचा नाही, हे खरं, पण माझ्या हाताला फरक जाणवला. पिकचं (तार छेडायच्या छोट्या चकतीचं) टोकही आता तारेत जेमतेम दोन मिलिमीटरच जाऊ देते, जास्त गेलं की ते अडकतं आणि मनगट ताठ होतं.

सध्या अडतं ते नवव्या-दहाव्या बारला, ई कॉर्डवरून डी कॉर्डवर उतरताना. दोन्ही तुकडे वेगवेगळे बरोबर येतात, जोडावर क्षणभर हात थबकतो, कारण तुकड्यातुकड्याने शिकलेल्या मालिकेत थांबा हा तुकडे जुळतात तिथेच पडतो. म्हणून आता ई चे शेवटचे दोन आणि डी चे पहिले दोन असे चारच फटके घेतेय, मध्ये दहा सेकंद गिटारवरून हात काढून. काल रात्री १७२ ला सलग सहा वेळा स्वच्छ आले.