होस्टेलच्या नेटसाठी लॅपटॉप रजिस्टर करताय? फॉर्म परत कशामुळे येतो ते आधी बघा

दर वर्षी तेच होतं. मुलं घाईघाईत फॉर्म भरतात आणि चार दिवसांनी तो "अपूर्ण" असा शेरा मारून परत येतो, पण नेमकं काय अपूर्ण ते लिहायचे कष्ट कुणी घेत नाही. मी बऱ्याच जणांच्या शेजारी बसून हे फॉर्म भरून घेतलेत, त्यामुळे जिथे गाडी अडते तेच नीट सांगते.

चालू वर्षाची ॲडमिशन आणि तुमच्या नावावर रूम असली की तुम्ही पात्र. सोबत ओळखपत्र, रूमचं अलॉटमेंट लेटर आणि नेट वापराच्या नियमांवर सही. नव्या मुलांचं ओळखपत्र बऱ्याचदा आलेलंच नसतं आणि खिडकीवर नेमकं तेच मागतात! ॲडमिशन लेटर आणि फीची पावती चालेल का हे मेल करून विचारा, तोंडी "चालेल" म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी खिडकीवर असेलच असं नाही. फॉर्म द्यायची मुदतही अलॉटमेंट लेटरवरच्या तारखेपासून मोजतात की चावी घेतल्यापासून, ते त्याच मेलमध्ये विचारून टाका.

आता मॅक ॲड्रेस, म्हणजे मशीनच्या नेट जोडणाऱ्या भागाचा ओळख नंबर, सगळ्यात जास्त फॉर्म इथेच पडतात. यात १२ खुणा असतात, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, म्हणजे इंग्रजी ओ त्यात असूच शकत नाही, गोल दिसला की तो शून्य. हाताने लिहिताना इंग्रजी आठ आणि बी सारखेच दिसतात, तेवढं जपून. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टला आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल टाकलं की "फिजिकल ॲड्रेस" एकाहून जास्त ठिकाणी दिसतो, कारण वायफायचा वेगळा, केबलच्या पोर्टचा वेगळा, ब्लूटूथचाही वेगळा. ज्याने नेट वापरणार त्याचाच द्या. एका मुलीने मैत्रिणीचं यूएसबी डोंगल लावून नंबर काढला होता, डोंगल परत गेलं आणि तिचं नेटही गेलं, कारण तो नंबर डोंगलचा होता, लॅपटॉपचा नव्हे.

फोनचं अजून वेगळं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा नंबर न देता बदली नंबर देतात, विंडोजमध्येही तशी सोय आहे. दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बदली नंबर समजा. बदली नंबराचं सेटिंग फक्त होस्टेलच्या नेटवर्कपुरतं बंद करा, बाहेर चालूच राहू दे, ते तुमच्याच भल्याचं आहे.

नियमांचा कागद न वाचता सही करू नका, खरंच सांगते. त्या सहीनंतर तुमच्या मशीनवरून जे काही जाईल ते तुमच्या नावावर. टॉरेंट लावलं की फाइल उतरता उतरता तुमच्याकडून इतरांना जातही असते, तक्रार आली की त्यात आयपी (नेटवरचा पत्ता) आणि वेळ असते आणि लॉगमध्ये, म्हणजे नेट वापराच्या नोंदींत, तुमचं नाव निघतं, मग "रूममेटला पासवर्ड दिला होता" हे कुणी ऐकून घेत नाही. स्वतःचा राउटर आणून भिंतीतली केबल चुकून त्याच्या लॅन पोर्टात (जिथे लॅपटॉपची केबल लावतात तिथे) घातली तर तो राउटरच आजूबाजूच्या मशीनना चुकीचे आयपी पत्ते वाटत सुटतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट बसतं. मुलाच्या मनात काही वाईट नसतं, पण ब्लॉक तोच होतो.

अपडेटचा रकाना उगाच नाहीये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे जुना लॅपटॉप असेल तर फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.

आणि दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला तर मॅक ॲड्रेसही बदलू शकतो. लॅपटॉप हातात आला की त्याच दिवशी नंबर तपासा आणि बदलला असेल तर लगेच नवा फॉर्म द्या, परीक्षेच्या आदल्या रात्री खिडकी बंद असते.