भगव्यातले फादर

बेळगावकडे भगवी कफनी दिसली की म्हातारी माणसं आधी हात जोडतात आणि मग विचारतात, 'कुठल्या मठाचे?' बैलहोंगलकडच्या देशनूरला या प्रश्नाचं उत्तर नवख्याला चक्रावून टाकतं. तिथला विरक्त मठ जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संन्यासी संघाच्या, फादरांचा. रीत लिंगायत मठाची, जेवण शाकाहारी, अंगावर भगवं आणि उपासना येशूची.

ही वाट जुनीच. इटालियन जेझुइट रॉबर्तो दी नोबिली १६०६ मध्ये मदुराईला आला आणि संन्याशाच्या वेशात राहू लागला. आपल्या चोर्ला घाटाखाली, गोव्यात, इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, त्याही रोमन लिपीत! दोघांनाही लोकांपर्यंत पोचायचं होतं. वेश आणि भाषा ही त्यासाठीची साधनं.

आँरी ल सो यांची गोष्ट निराळी. १९१० साली फ्रान्समधल्या ब्रिटनीत जन्म, एकोणिसाव्या वर्षी बेनेडिक्टाइन या कॅथलिक संन्यासी पंथाच्या मठात प्रवेश, १९४८ ला भारत. १९४९ च्या जानेवारीत तिरुवण्णामलैला रमण महर्षींचं दर्शन झालं आणि ते आतून हलले. पुढच्या वर्षी फ्रेंच धर्मगुरू फादर मोंशानँ यांच्याबरोबर कावेरीकाठी 'शांतिवनम्' आश्रम काढला. नाव घेतलं अभिषिक्तानंद. पण जीव ओढ घ्यायचा तो तिरुवण्णामलैच्या अरुणाचल डोंगरातल्या गुहांकडे. तिथे ते मौन धरून बसायचे, उपनिषदं वाचायचे. पेच असा पडला की अद्वैताचा अनुभव खरा मानला तर पवित्र त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) श्रद्धेचं काय करायचं? श्रद्धा सुटेना, अनुभव नाकारता येईना. ही ओढाताण वर्षानुवर्षं रोजनिशीत उतरत गेली. प्रार्थनेवर, गुरु-शिष्य नात्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. मला मात्र ती रोजनिशीच त्यांचं खरं लेखन वाटते. पुस्तकात माणूस सावरून बसतो.

दरम्यान चर्चही बदलत होतं. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ चा. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची आणि फादर लोकांकडे पाठ करून उभे असायचे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लोकभाषा वेदीपर्यंत आली. १९६९ मध्ये भारतातल्या उपासनेसाठी रोमने बारा मुभा दिल्या: चपला बाहेर काढणं, खाली बसणं, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती. त्याच वर्षी बंगळूरला भारतीय चर्चचा मोठा परिसंवाद भरला. अभिषिक्तानंद त्याला हजर होते, पण तोवर त्यांचा मुक्काम उत्तरकाशीजवळ, गंगेकाठच्या कुटीत हलला होता. शांतिवनम् त्यांनी इंग्रज बेनेडिक्टाइन फादर बीड ग्रिफिथ्स यांच्या हाती सोपवलं होतं.

१४ जुलै १९७३ ला ऋषिकेशच्या बाजारात बस पकडायला धावताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. रस्त्यात कोसळले. त्यानंतरचे जवळजवळ पाच महिने त्यांना मोठ्या अनुग्रहाचे वाटले. ७ डिसेंबरला इंदूरला ते गेले. रोजनिशी फ्रेंचमध्ये छापून यायला १९८६ साल उजाडलं.