बेल्ट सँडर, घरगुती

कापडी पाठीच्या पॉलिश पेपरचा अखंड पट्टा दोन रोलरांवर ताणून, मोटरीने फिरवून लाकूड घासणारे यंत्र. एक रोलर मोटर फिरवते, दुसरा स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरतो आणि मधली सपाट पोलादी पाटी (प्लेटन) पट्ट्याला मागून आधार देते. घरगुती यंत्र २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालते. त्याचे दोन प्रकार आहेत : हातात धरून लाकडावर फिरवायचे, आणि टेबलाला बोल्टने बसवून लाकूड त्याच्यावर टेकवायचे.

घेणारा बहुधा आधी वॅट विचारतो. खरे तर आधी काम ठरवावे, मग पट्ट्याचे माप. वॅट त्यामागून येतात. पाट, चौरंग, दाराची फळी, जोडलेल्या फळ्यांचा टेबलाचा माथा असे मोठे सपाट काम असेल तर हातातला सँडर हवा. खेळणी, सुरीच्या मुठी, देव्हाऱ्याच्या कमानी, चौकटीचे कोपरे असे हातात मावणारे काम असेल तर टेबलावरचाच. हातातले यंत्र शिकंज्यात उलटे धरून दोन्ही कामे भागवण्याचा मोह होतो. पण त्यासाठी बनवलेले स्टँड त्या मॉडेलला मिळत नसेल तर ते धोक्याचे आहे.

हातातल्या यंत्रांत ७५×४५७, ७५×५३३ आणि १००×६१० मिमी ही मापे रूढ आहेत. दुकानात ती ३ बाय १८, ३ बाय २१, ४ बाय २४ अशी इंचांत मागावीत. दुसरा आकडा पट्ट्याच्या पूर्ण घेराचा असतो. ३ बाय १८ चे यंत्र अडीच-तीन किलोचे असून एका हाताने आवरते. ४ बाय २४ चे पाच किलोच्या आसपास किंवा त्याहून जड, ते घरी क्वचितच लागते. घरासाठी ३ बाय २१ आणि वेग कमी-जास्त करता येणारे यंत्र घ्यावे. कमी वेग नसेल तर जुना रंग आणि राळ पट्ट्यावर वितळून बसते. टेबलावरच्या यंत्रांत २५×७६२ मिमीचा अरुंद पट्टा आतील वळणांसाठी चांगला, तर १००×९१४ मिमीचा पट्टा आणि बाजूला १५० मिमीची चकती असलेले यंत्र सर्वसाधारण कामाला पुरते. त्यात अर्ध्या एचपीची इंडक्शन मोटर असावी. कार्बन ब्रशच्या मोटरीपेक्षा तिचा आवाज बराच कमी असतो, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या पेठांतल्या घरांत ही बाब छोटी नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्री व मशीन शॉपमुळे धातू घासण्याच्या पट्ट्यांना मोठे गिऱ्हाईक आहे. तिथला विक्रेता धातूसाठीचा पट्टा पुढे करू शकतो. लाकडाला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, कापडी पाठीचा पट्टा मागावा. यंत्राची किंमत देण्याआधी त्याच मापाचे ६०, ८० आणि १२० नंबरचे पट्टे (नंबर जितका मोठा तितका पट्टा बारीक) कुठे मिळतात ते पाहून ठेवावे. पट्टा मिळत नसेल तर यंत्र नुसते शोभेचे.

स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेले टेबल सँडरही घेता येतात, पण रोलर तपासून. एक रोलर मध्यभागी किंचित फुगीर हवा; दोन्ही सरळ दंडगोल असतील तर पट्टा मध्यावर ठरत नाही, सतत बाजूला पळतो. बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले हवे, नाहीतर बारीक भुसा आत जाऊन ग्रीस सुकवतो. प्लेटनवर पोलादी पट्टी उभी धरावी. खालून उजेड दिसला तर पाटी वाकडी आहे. टेबल ९० अंशांवर आहे का ते गुण्याने पाहावे. टेबल आणि पट्टा यांतली फट २ मिमीहून जास्त नसावी, कारण लहान तुकडा त्या फटीत ओढला जातो. मग दोन-तीन मिनिटे यंत्र रिकामे चालवावे. ट्रॅकिंगचा नॉब (पट्टा मध्यावर आणणारी फिरकी) एकदा लावल्यावर पट्टा जागचा हलता कामा नये.

वापरताना पट्ट्याच्या आतला बाण फिरण्याच्या दिशेने ठेवावा. उलटा चढवला की एकावर एक चिकटवलेला सांधा उचकटतो. हातातले यंत्र सुरू करून मागचा भाग आधी टेकवावा, लगेच पुढे-मागे हलवत राहावे. दाब देऊ नये, यंत्राचे वजन पुरते. एका जागी क्षणभर थांबले तरी खड्डा पडतो, आणि तो वार्निश चढल्यावरच नजरेत भरतो. फळीच्या टोकाशी प्लेटनचा निम्मा भाग लाकडावरच राहू द्यावा, नाहीतर यंत्र कलंडून टोक गोल होते. जोडफळी सपाट करायला ६० नंबर लाकडाच्या रेषांना तिरका चालवावा, पुढचे नंबर रेषांच्या दिशेनेच. ६० वरून थेट १२० वर उडी मारली तर खोल ओरखडे तसेच राहतात. १२० नंतरही १५० किंवा १८० च्या कागदाने हाताने घासावेच लागते. सागाच्या व्हिनिअरच्या प्लायवर हे यंत्र लावूच नये. वरचा थर जेमतेम अर्ध्या मिमीचा किंवा त्याहूनही पातळ असतो आणि एका फेरीत आतला प्लाय दिसू लागतो.

साग तेलकट, पॅकिंगचे पाइनवूड राळेचे. दोन्हींनी पट्टा भरतो, तापतो आणि लाकडावर काळपट डाग उठवतो. चालत्या पट्ट्यावर क्रेप रबराची कांडी धरली की तो साफ होतो. जुन्या बुटाचा क्रेप तळही चालतो (कोल्हापुरी चपलेचा चामडी तळ अर्थातच नाही). जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पट्ट्याचे कापड ओल धरते, कडा वळतात, सांधा सुटतो. पट्टे घडी न घालता चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर अडकवून बंद डब्यात ठेवावेत.

लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने गट १ मध्ये नोंदवली आहे. यंत्राची पिशवी मुख्यतः जाड भुसा धरते. एन-९५ मास्क आणि शक्य तर व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावावी. हातमोजे घालू नयेत, ओढणी व सैल बाही आवरावी.

लोखंड आणि लाकूड एकाच यंत्रावर घासण्याची सवय कोल्हापुरात सहज लागते. लोखंडाचे कण सागात किंवा बाभळीत रुतले की ओल लागताच लाकडातल्या टॅनिनशी मिळून निळसर-काळे ठिपके उमटतात. त्याहून गंभीर म्हणजे ठिणगी भुशाच्या पिशवीत शिरून तासाभरानेही धुमसू शकते. म्हणून धातूसाठीचा पट्टा चढवण्याआधी पिशवी रिकामी करून काढून ठेवावी, आणि जुन्या पॅकिंगच्या फळ्यांतले खिळे सँडरखाली येण्याआधी उपटावेत.