स्वेल्यारे की स्वेल्यार्सी? इटालियनमधलं 'उठवणं' आणि 'उठणं'

इटलीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी घरमालकीणबाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, "ओ स्वेल्यातो आल्ले सेइ." मला म्हणायचं होतं मी सहाला उठले. बाई मोका (कॉफीचं भांडं) गॅसवर ठेवता ठेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "की?" आता इटालियन 'की' म्हणजे 'कोण, कोणाला', पण मला वाटलं त्यांना ऐकू नाही आलं, म्हणून मी तेच वाक्य अजून जोरात म्हटलं. मग ट्यूब पेटली. मी त्यांना सांगत होते की 'मी सहाला उठवलं', आणि घरात आम्ही दोघीच, त्यामुळे कोणाला उठवलं हा प्रश्न अगदी रास्त होता.

तर जोडी अशी आहे. 'स्वेल्यारे' म्हणजे उठवणे, झोपेतून जागं करणे. त्याला 'सी' चिकटवला की 'स्वेल्यार्सी', म्हणजे आपलं आपण उठणे. (जाग येणे या अर्थाने हं, अंथरुणातून बाहेर येऊन उभं राहायला 'आल्त्सार्सी' वेगळं आहे, आणि रविवारी या दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर असू शकतं.)

आपली गडबड इथे होते कारण मराठीची दिशा बरोब्बर उलटी आहे. आपल्याकडे मूळ धातू 'उठ', त्यात 'व' घातला की 'उठव'. थांब-थांबव, घाबर-घाबरव, हल-हलव. म्हणजे साधं रूप स्वतःपुरतं आणि दुसऱ्यावर काही करायचं असेल तर शेपूट. इटालियनमध्ये साधं रूपच दुसऱ्यावर काम करणारं: फेर्मारे थांबवणे, स्पावेन्तारे घाबरवणे, मुओवेरे हलवणे. स्वतःपुरतं करायचं तर शेपूट लागतं: फेर्मार्सी थांबणे, स्पावेन्तार्सी घाबरणे, मुओवेर्सी हलणे. आपण सवयीने साधं रूप उचलतो आणि वाक्य अर्धवट लटकतं, ऐकणारा वाट बघत बसतो की कोणाला थांबवलं, कोणाला घाबरवलं.

वर्तमानकाळ पटकन उरकू. उठवणे: स्वेल्यो, स्वेल्यी, स्वेल्या, स्वेल्यामो, स्वेल्याते, स्वेल्यानो. उठणे: मी स्वेल्यो, ती स्वेल्यी, सी स्वेल्या, ची स्वेल्यामो, वी स्वेल्याते, सी स्वेल्यानो. क्रियापद तेच, फक्त पुढे एक छोटा शब्द आला आणि तो माणसागणिक बदलतो. आता हा 'मी' बघून मराठी माणूस खुश होतो, अरे हा तर आपलाच मी! तसा तो लांबचा नातेवाईक आहे खरा, खूप मागे गेलं तर दोघांचं मूळ एकच निघतं, पण इटालियन 'मी' म्हणजे 'मला, स्वतःला'. आपला मराठी 'मी' तिकडे क्रियापदाच्या शेवटच्या 'ओ'मध्ये बसलाय. हे डोक्यात पक्कं करा, पुढे याच्यावरच सगळ्यात मोठा खड्डा आहे.

खरी मजा भूतकाळात. दोघांचं सहायक क्रियापद वेगळं. उठवणे 'आवेरे' (जवळ असणे) घेतं, उठणे 'एस्सेरे' (असणे) घेतं, आणि एस्सेरे आलं की शेवटचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं इथे पानंच्या पानं खर्च करतात, कारण इंग्रजीत असलं काही नाहीच. आपल्याकडे आहे! हे बघा:

सी ए स्वेल्यातो, तो उठला. सी ए स्वेल्याता, ती उठली. सी सोनो स्वेल्याती, ते उठले. सी सोनो स्वेल्याते, त्या उठल्या.

आणि समोर: आ स्वेल्यातो इल बाम्बीनो. त्याने बाळाला उठवलं, तिने बाळाला उठवलं, दोन्हीला हेच. कर्ता बाई आहे की बुवा याचं क्रियापदाला सोयरसुतक नाही.

शाळेत कर्तरी प्रयोग, भावे प्रयोग पाठ केलेले आठवतात का, ज्याचा पुढे आयुष्यात काही उपयोग होणार नाही असं आपण सगळे म्हणायचो? तो उपयोग हा. वाक्य मराठीत म्हणा, कर्त्याच्या जागी 'तिने' आलं तर आवेरे, नुसती 'ती' आली आणि क्रियापद तिच्याप्रमाणे वळलं तर एस्सेरे. ('मी' घेऊन टेस्ट करू नका, 'मी उठले' आणि 'मी उठवलं' यात 'ने' दिसतच नाही, तिथेच तर माझा घोळ झाला.) मुलगी असाल तर मी सोनो स्वेल्याता, मुलगा असाल तर मी सोनो स्वेल्यातो, अगदी उठले-उठलो सारखं.

ही युक्ती फक्त अशा जोड्यांपुरती वापरा, सरसकट नाही. 'तो हसला' आपल्याकडे कर्तरी, पण इटालियन हसण्याला आवेरे लावतात. झोपण्याचं तर अजूनच वेगळं, 'दोर्मीरे' म्हणजे झोप काढणे, त्याला आवेरे, आणि 'आद्दोर्मेन्तार्सी' म्हणजे झोप लागणे, त्याला सी आहे म्हणून एस्सेरे. आणि हात धुणं! त्याने हात धुतले, इथे 'ने' आहे म्हणून तुम्ही आवेरे लावाल, पण स्वतःचे हात म्हणजे 'लावार्सी', म्हणून सी ए लावातो ले मानी. 'सी' आलं की एस्सेरे, हा नियम मराठी टेस्टच्या वर. 'माझे हात' असंही म्हणत नाहीत, मी सोनो लावाता ले मानी, 'मी' आहे म्हणजे हात माझेच. आणि नंतर कोणी विचारलं की हात धुतलेस का, तर उत्तर 'मे ले सोनो लावाते', धुतले. इथे शेवटचा 'ते' माझ्यासाठी नाही, हातांसाठी आहे, कारण मानी तिकडे स्त्रीलिंगी अनेकवचनी. कर्मणी प्रयोगच की हा, फक्त हातांचं लिंग बदललं.

आता बाकीचे काळ. सहायक क्रियापद एकदा बरोबर निवडलं की पुढे सगळं रांगेत येतं, आणि मराठीशी इतकं जुळतं की मला राग आला होता हे कोणी आधी का नाही सांगितलं. मी एरो स्वेल्याता, उठले होते. आवेवो स्वेल्यातो, उठवलं होतं. सी सारा स्वेल्याता, उठली असेल, आणि हे आपल्यासारखंच अंदाजालाही चालतं, म्हणजे 'आत्तापर्यंत उठली असेल गं' याला इटालियनमध्येही भविष्यकाळाचंच रूप येतं. समोर आव्रा स्वेल्यातो, उठवलं असेल. ज्या काळांत सहायक लागतच नाही तिथे भांडणच नाही, 'मी स्वेल्यावो' म्हणजे उठायचे, 'स्वेल्यावो' म्हणजे उठवायचे, 'मी स्वेल्येरो' उठेन, 'स्वेल्येरो' उठवेन, नुसता 'मी' काढायचा नाहीतर घालायचा. पासातो रेमोतो (दूरचा भूतकाळ), 'मी स्वेल्याई', कथा-कादंबऱ्यांत भेटतो आणि दक्षिणेकडे बोलण्यातही, तोही एकाच शब्दाचा.

'जर-तर' मध्ये मात्र मराठी दगा देते. लवकर उठले असते तर ट्रेन चुकली नसती. आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'असते-नसती', एकच संकेतार्थ. इटालियनमध्ये जर-कडे कॉन्जुन्तीवो (शक्यता, शंका, इच्छा यांचं रूप), तर-कडे कॉन्दित्सियोनाले ('तसं झालं असतं' वालं रूप): से मी फोस्सी स्वेल्याता प्रीमा, नोन आव्रेइ पेर्सो इल त्रेनो. मी कितीतरी महिने 'से मी सारेइ स्वेल्याता' म्हणत होते. एक समाधान, ही चूक इटालियन लोकही करतात आणि त्यांना त्यावरून भरपूर टोमणे बसतात. 'मी सारेइ स्वेल्याता' चूक नाहीये, पण ते तर-च्या बाजूला, म्हणजे 'अलार्म वाजला असता तर मी उठले असते' मधलं दुसरं अर्धं.

कॉन्जुन्तीवोत एक गंमत म्हणजे तिथे 'सी'वालं रूप उलट सोपं पडतं. उठवणे घेतलं तर मी, तू, तो तिघांनाही 'के स्वेल्यी' ('के' म्हणजे आपला 'की'), कोण ते कळत नाही, वेगळं सांगावं लागतं. उठणे घेतलं तर के मी स्वेल्यी, के ती स्वेल्यी, के सी स्वेल्यी, आपोआप कळतं.

आज्ञार्थात हे छोटे शब्द क्रियापदाच्या मागे जाऊन चिकटतात. ऊठ म्हणजे स्वेऽल्याती, उठा रे सगळे म्हणजे स्वेल्याऽतेवी. फक्त आदरार्थी 'आपण उठावं' मध्ये पुढेच राहतं, सी स्वेल्यी. आता वरचं 'ते उठले' आठवा, सी सोनो स्वेल्याऽती. इटालियनमध्ये 'ऊठ' आणि 'उठलेले' यांचं स्पेलिंग सेम टू सेम, फरक फक्त जोर कुठे आहे त्याचा. ऊठ म्हणताना पहिल्यावर, उठलेले म्हणताना मधल्यावर. मराठीत असा जोर देऊन अर्थ बदलायची सवयच नाही आपल्याला, त्यामुळे दोन्ही सपाट म्हणतो आणि हुकूम सोडतोय की बातमी देतोय हे समोरच्याने ओळखायचं.

'मला उठावं लागलं' चे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही बरोबर. छोटा शब्द मागे ठेवलात तर ओ दोवूतो स्वेल्यार्मी, म्हणजे आवेरे आणि लिंग वगैरे काही नाही. तोच पुढे आणलात तर मी सोनो दोवूता स्वेल्यारे, एस्सेरे आलं आणि मुलगी असल्याचंही कळलं. अर्थ तोच. मी आळशी, पहिलं वापरते.

आणि तो मोठा खड्डा. मी, ती, ची, वी हे शब्द फक्त 'स्वतःला' साठी नाहीत, साधं 'मला, तुला' पण हेच आहेत. म्हणून 'मी स्वेल्यो' म्हणजे मी उठते, पण 'मी स्वेल्यी?' म्हणजे 'तू मला उठवशील?' बघायचं असं की छोटा शब्द आणि क्रियापदाचं शेपूट एकाच माणसाचे आहेत का. मी आणि 'ओ', दोघे माझे, म्हणजे उठणे, एस्सेरे. मी माझा पण 'ई' तुझा, म्हणजे उठवणे, आवेरे. धातूला नुसतं चिकटवलं की हा पुरावाच गायब होतो, 'स्वेल्यार्मी' म्हणजे 'मी उठणे' पण आणि 'मला उठवणे' पण.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. नंतरच्या फ्लॅटमध्ये रूममेटने फ्रीजवर चिठ्ठी लावली होती, 'दोमानी नोन स्वेल्यार्मी'. मी नाही-उठणे असं काहीतरी वाचलं, वाटलं तिला काळजी आहे की उद्या जाग येणार नाही. (खरं तर लिहिलं होतं 'उद्या मला उठवू नकोस'.) सकाळी सातला मी प्रेमाने दार वाजवलं, वर गोड आवाजात स्वेऽल्याती म्हणून हाकही मारली, जोर यावेळी अगदी योग्य ठिकाणी. आतून उशी आली दारावर आणि पाठोपाठ आवाज, "मी आय स्वेल्याता!" तू मला उठवलंस. 'मी' आहे, तरी आवेरे.