तोंड उघडेना : सुपारी, बंदी आणि एका निदानाची पार्श्वभूमी

रुग्ण येतो तो बहुतेक वेळा दाढेची तक्रार घेऊन. आरसा आत सरकत नाही, तेव्हा खरा आजार समोर येतो. उभी तीन बोटं दातांमध्ये जायला हवीत, इथे दोनच जातात. गालाची आतली बाजू पांढुरकी पडलेली, बोट फिरवलं की दोरीसारखे पट्टे लागतात आणि तिखट तर महिनोन्‌महिने सुटलेलं. कागदावर 'ओएसएमएफ' लिहिलं जातं, म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस : तोंडाच्या आतल्या आवरणाखाली तंतू साठून तोंड आकसत जाण्याचा आजार.

या आजाराचा इतिहास सांगताना सुश्रुताने वर्णिलेल्या 'विदारी' या मुखरोगापासून सुरुवात करण्याची पद्धत पडली आहे. त्या श्लोकात दाह आहे, हे खरं. पण त्यात सूज आणि कुजून झडणारं मांसही आहे, आणि ते या आजाराचं लक्षण नव्हे. त्यामुळे तो दुवा फार ताणू नये.

आधुनिक नोंद १९५२ची. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांची तोंडं आकसलेली आढळली. कारण सापडेना म्हणून 'विनाकारण झालेली झीज' अशा अर्थाचं लांबलचक लॅटिन नाव दिलं गेलं. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञाने टाळू आणि घशाच्या कमानींच्या आवरणाखाली तंतू साठतात हे ओळखलं आणि आजचं नाव रूढ होऊ लागलं. नाव मिळालं, तरी कारण मिळालं नव्हतं. मग आळ आला मिरचीवर. १९६०च्या दशकात मिरचीतला तिखट घटक उंदरांच्या टाळूला लावून प्रयोगही झाले. माझ्या मते इथे कार्यकारण उलटं वाचलं गेलं. तिखट लागतं ते आजार झाल्यामुळे, तिखटाने आजार होत नाही. मिरची खाणारे देश काही कमी नाहीत. पण आजार भेटतो तो सुपारी चघळणाऱ्यांतच, मग ते भारतातले असोत की तैवानमधले. १९८०च्या दशकात प्रयोगशाळेत दिसलं, की सुपारीतली अल्कलॉइडं तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतात आणि तिच्यातली टॅनिनं तयार झालेला तंतू विरघळू देत नाहीत. थोडक्यात, आवरणाखाली माल साठत जातो आणि उचल होत नाही.

मिरची सुटली, पण दोष नीट सुपारीवर आलाच नाही; तो तंबाखूवर गेला. तंबाखू निर्दोष आहे असं कोणी म्हणत नाही. पण तोंड आकसण्याचं काम सुपारीचं. २००३ साली जागतिक कर्करोग-तज्ज्ञांच्या गटाने तंबाखूविरहित विडा आणि नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. त्याआधी १९८५ साली तो शिक्का फक्त तंबाखूसह खाल्लेल्या विड्यावर बसला होता. मधल्या काळात सुपारी गुटखा-पानमसाल्याच्या पुडीत शिरली होती. पुडीतला माल कोरडा, तयार, खिशात मावणारा आणि शाळकरी पोरालाही परवडणारा. पानाच्या विड्याने जे व्हायला वर्षानुवर्षं लागत, ते आता फार लवकर होऊ लागलं आणि विशीतली पोरं तपासणीच्या खुर्चीवर दिसू लागली.

महाराष्ट्रातली गुटख्यावरची पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी लागू झाली. त्या आदेशाचं विशेष असं, की त्यात गुटख्याबरोबर पानमसालाही होता, तोही तंबाखू असलेला आणि नसलेला, दोन्ही. आजाराच्या दृष्टीने इतका नेमका आदेश दुसरा नसेल. २००४च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मुद्दा होता अधिकाराचा. जुन्या भेसळ-प्रतिबंधक कायद्यातलं ते कलम साथीसारख्या तात्पुरत्या, स्थानिक संकटासाठी आहे, कायमची बंदी घालायची तर ती केंद्राने घालावी, असा निर्वाळा मिळाला. कायद्याचं वाचन म्हणून तो पटतो. दवाखान्यात बसून वाचला की पटत नाही.

मग आला नवा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११चे नियम : कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरायचं नाही. एप्रिल २०१२मध्ये मध्य प्रदेशाने बंदी घातली, जुलैत महाराष्ट्राने. लगेच भांडण जुंपलं, की गुटखा हे अन्न की तंबाखू? उत्पादकांचं म्हणणं, आमचा माल तंबाखूच्या कायद्याखाली येतो, अन्नाच्या नाही. अन्न ठरलं तर तंबाखू घालता येत नाही, तंबाखू ठरलं तर विकता येतं. या रस्सीखेचीत सुपारीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. महाराष्ट्राने पानमसाल्यात सापडणाऱ्या, पण त्यात चालत नसलेल्या मॅग्नेशियम कार्बोनेट या रसायनावर बोट ठेवून थोडी वाट काढली. नंतरच्या आदेशांत सुगंधित सुपारीही आली. पण आदेश एका वर्षाचा, म्हणून दरवर्षी नव्याने काढायचा. व्यापाऱ्यांनी तोडगा त्याहून लवकर काढला : एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. विदर्भात तर पुडीचीही गरज नव्हती, टपरीवर खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण, समोर घोटून मिळतो.

साधी सुपारी या सगळ्यातून बाहेरच राहिली, आणि ते समजण्यासारखंही आहे. जी सुपारी पूजेत गणपती म्हणून मांडायची, जी फोडल्याशिवाय लग्न ठरल्यासारखं वाटत नाही, जिच्या 'रोठा' या जातीवर श्रीवर्धनच्या वाड्या जगतात, तिच्यावर बंदी कोण घालणार?

उपचार मात्र तेच राहिले. सवय सोडणं, आवरणात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं, दातांत आइस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत तोंड ताणणं आणि फारच झालं तर पट्टे कापून तिथे गालातली चरबी किंवा त्वचा बसवणं. गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही. कर्करोगाची टांगती तलवार वेगळीच : केरळात ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, त्यात ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. म्हणून तोंड थोडं उघडायला लागलं तरी दर काही महिन्यांनी तपासणीला बोलावतात.

आणि पहिल्या तपासणीत 'सवयी' या रकान्याशी आलं की अजूनही तेच उत्तर येतं : "तंबाखू? छे, हातसुद्धा लावत नाही. नुसती सुपारी."