टॅली चालेल का? खान्देशातल्या छोट्या धंद्यांच्या संगणकांमागची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा काढून घेतला, म्हणजे सुरक्षेचे फुकटचे अपडेट बंद केले. जळगावच्या डाळ मिलच्या ऑफिसात, धुळ्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर, नंदुरबारच्या मिरचीच्या आडतीवर जी मशीन आहेत, त्यांतली बरीचशी विंडोज ११ घेतच नाहीत. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडे दुकानात चालते ते मुंबई-पुण्याच्या कंपन्यांनी काढून टाकलेले चौथ्या-सहाव्या पिढीचे मशीन, वर नवी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून घेतलेले. काम झकास करते, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. मग दुरुस्तीला आलेला पोरगा म्हणतो, ‘शेठ, लिनक्स टाकून देऊ का?’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी यंत्रणा. शेठचा प्रश्न मात्र ठरलेला, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दलचा. धुळ्याकडे तो अहिराणीत येतो : ‘यामा टॅली चाली का भो?’

मालकीचे सॉफ्टवेअर सोडून मुक्त सॉफ्टवेअरकडे, म्हणजे ज्याची मूळ संहिता कुणालाही बघता-बदलता येते अशाकडे, वळण्याचे कारण म्हणून सगळे किंमत पुढे करतात. मला ते अर्धेच पटते. विंडोज आणि ऑफिसला किंमत पंचवीस वर्षांपूर्वीही होतीच. ती आपण भरत नव्हतो, एवढेच.

तसे पाहिले तर देशातल्या संगणकाच्या धंद्याचे एक मूळ आपल्याच मातीत आहे. १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. १९७० च्या दशकाच्या शेवटी आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत जे घुसले त्यांत ही कंपनीही होती. तिचेच नाव पुढे विप्रो. अमळनेरात ज्यांनी शेअर जपून ठेवले त्यांचे भले झाले, पण त्यामुळे बाजारपेठेतल्या दुकानात संगणक लवकर आला असे काही नाही. तो आला नव्वदच्या दशकात, डॉस ही विंडोजच्या आधीची यंत्रणा घेऊन. काळा पडदा, खडखड करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दोन्ही बाजूंना भोके असलेला सलग कागद.

त्या काळातले बरेचसे प्रोग्राम गावातल्याच पोरांनी फॉक्सप्रो या नोंदी सांभाळणाऱ्या साधनात लिहिलेले असत. पतसंस्थेची खाती, जिनिंगची काटापावती, केळीच्या मालाची पट्टी, त्यात हमाली-तोलाई वजा करून निव्वळ रक्कम. गिऱ्हाईक सांगेल तसा रकाना वाढवून मिळायचा. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतले, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये आली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा पाठिंबाही संपला. दरम्यान प्रोग्राम लिहिणारा नोकरीसाठी पुण्याला गेलेला, आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, त्याच्याबरोबर. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा बिलात मालाचा वर्ग सांगणाऱ्या एचएसएन कोडचा एक रकाना घालायचा होता. साधे काम, पण प्रोग्राम उघडायला सोर्स कोड हवा ना! दुसऱ्याच्या मुठीत असलेले सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे खान्देशातल्या व्यापाऱ्याला अमेरिकेतल्या कंपनीच्या आधी गल्लीतल्या प्रोग्रामरने शिकवले, असे माझे मत आहे.

विंडोजचे राज्य खरे पसरले ते असेंबल्ड मशीनबरोबर. सुटे भाग आणून जोडलेला संगणक घेतला की विंडोज ‘मारून’ मिळायचे, ऑफिस, कोरल, फोटोशॉपसकट. अडले की फॉरमॅट मारायचा, पुन्हा तीच सीडी. २००१ चे विंडोज एक्सपी या पद्धतीने घराघरात आणि दुकानादुकानात गेले. त्याच साली एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची) स्थापना झाली आणि मागोमाग तिचा संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू झाला. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर तालुक्या-तालुक्याला केंद्रे निघाली. शिकवले जायचे विंडोज, वर्ड आणि एक्सेल. दुकानदाराला ‘ऑपरेटर’ हवा असे तेव्हा या तीन गोष्टी येणारा माणूस स्वस्तात मिळायचा. लिनक्स येणारा मिळायचा तो अभियांत्रिकी कॉलेजात, आणि तो दुकानात बसायला तयार नसे.

कायदा नव्हता असे नाही. संगणक प्रोग्राम १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याखाली आले. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले : बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पण हा कायदा मुंबई-पुण्याच्या मोठ्या ऑफिसांना जितका जाणवला तितका चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या दुकानाला जाणवला नाही. तिथे पहिला धक्का इंटरनेटवरून बसला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशी व्यवस्था केली की एक्सपीची प्रत खरी ठरली नाही तर डेस्कटॉपची पार्श्वभूमी काळी व्हायची. बदलली तरी तासाभराने पुन्हा काळी. यावर बाजारात निघालेला तोडगा असा : अपडेट बंद करून टाका. त्या तोडग्याची फळे मे २०१७ मध्ये दिसली. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर अपडेट न केलेली मशीन गाठली, आणि एक्सपीचा पाठिंबा २०१४ मध्येच संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टला त्यासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

मुक्त सॉफ्टवेअर या सगळ्या काळात शेजारीच उभे होते. रिचर्ड स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला १९८३ मध्ये, लिनस टोरव्हाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला १९९१ मध्ये. १९९६ पासून एका इंग्रजी संगणक मासिकाबरोबर लिनक्सची सीडी मिळू लागली. २००४ मध्ये उबंटू हा लिनक्सचा सोपा अवतार आला आणि मागणी नोंदवली की सीडी पोस्टाने घरपोच, तीही फुकट. वर्ड-एक्सेलसारखी साधने असलेल्या जर्मनीतल्या स्टार ऑफिसला सन कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतले, त्याचा सोर्स कोड खुला केला, आणि २००२ मध्ये ओपन ऑफिसची पहिली पूर्ण आवृत्ती आली. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांनी वेगळे होऊन लिब्रे ऑफिस काढले. केंद्र सरकारनेही २००५ पासून भारतीय भाषांची साधने असलेल्या सीडी वाटल्या, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २००७ मध्ये बॉस हे देशी लिनक्स आणले, आणि २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आले.

दुकानांवर याचा परिणाम जवळपास शून्य. पोस्टाने आलेली सीडी आणि बाजारातून आणलेली विंडोजची सीडी, खिशाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. त्यातल्या एकीवर टॅली चालायची. वर अडचणी होत्याच. डायल-अपच्या दिवसांत स्वस्त मशीनमधला अंतर्गत मोडेम विंडोजच्याच आधाराने चालायचा. लिनक्स टाकले की इंटरनेट गेले. नंतर देशभर धो-धो खपलेला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर घ्या. तो कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने मशीनशी बोलतो, आणि लिनक्सवर त्याला बोलते करण्यात कित्येक दुरुस्तीवाल्यांची दुपार गेली आहे. एक प्रिंट निघाली नाही की मालक म्हणणार, पूर्वीचेच टाक बाबा.

टॅलीचे प्रकरण वेगळे सांगायला हवे. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या पेउट्रॉनिक्सचे हे अपत्य, डॉसपासून विंडोजवर आले आणि तिथेच राहिले. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या सोयीने ते तिथे चालवणारे लोक आहेत, पण मार्च अखेरीला अडले तर हमी कुणाची? शिवाय टॅली एकट्या दुकानदाराची नसते. सीए बॅकअप मागतो तो टॅलीचा, बँक कर्जासाठी ताळेबंद बघते तो त्यातूनच निघालेला. मुनीमही टॅली येणारा हवा, जाहिरातीत तसे लिहिलेलेच असते. एका दुकानाने ठरवून भागत नाही, सगळी साखळी हलावी लागते. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर ब्राउझरमधून चालते, त्यात साठा, बिले, हिशेब सगळे आहे, आणि काही कारखाने ते वापरतात. किराणा-कापड दुकानाला ते झेपण्याआधी सीएला झेपावे लागेल.

जिनिंगमध्ये आणखी एक गाठ आहे ती वजनकाट्याची. ट्रक काट्यावर चढला की इंडिकेटरवरचा आकडा सिरियल केबलने संगणकात येतो आणि तिथला प्रोग्राम भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन अशी पावती काढतो. सिरियल पोर्ट लिनक्सलाही वाचता येतो, त्यात अवघड काही नाही. पण काटा बसवणारा जो प्रोग्राम देतो तो विंडोजचा असतो. हंगामात बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना काट्याच्या मशीनला हात लावायची कुणाची छाती होत नाही. अशा काही खोल्यांत आजही एक्सपी चालते आहे, इंटरनेटची वायर काढून.

आणि छापखाने. लग्नपत्रिकेचा धंदा कोरल आणि पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर उभा राहिला, मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये. हे जुने फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे, नव्हेत : संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हे, फक्त दिसायला देवनागरी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी कंस, डॉलर आणि टोप्या घातलेली अक्षरे. छापखान्याची खरी मिळकत त्याच्या जुन्या फाइलींत असते. थोरल्या मुलीच्या लग्नाला केलेली पत्रिका धाकटीच्या लग्नाला पुन्हा उघडायची. वधूवरांची नावे, तिथी आणि मुहूर्त बदलायचा, निमंत्रकांतून वारलेल्या आजोबांचे नाव काढायचे, ‘किलबिल’ मध्ये नवी नातवंडे घालायची. अर्ध्या तासाचे काम. ही फाइल कोरलच्या जागी चालणाऱ्या इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नेली तर मजकूर सगळा नव्याने टाइप करायचा. पुस्तकाच्या मांडणीसाठी असलेल्या स्क्रायबसमध्ये तर जोडाक्षरे नीट बसवण्याची सोयच उशिरा आली. ती असलेली स्थिर आवृत्ती १.६ निघाली जानेवारी २०२४ मध्ये. तोपर्यंत मराठी छापखान्याने तिकडे वळावे असे म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि जे तसे म्हणत होते त्यांनी बहुधा पत्रिका कधी छापलेली नव्हती. आता युनिकोडमध्ये मुक्त, लोहित असे खुले फॉन्ट आहेत, त्यामुळे नवे काम तरी तिकडे करता येते. अडोबीने २०१३ मध्ये विकत देण्याऐवजी महिन्याच्या भाड्याची पद्धत धरली, तेव्हापासून नव्याने धंदा मांडणारी पोरे गिंप (फोटोशॉपचा मुक्त पर्याय) आणि इंकस्केपकडे निदान बघतात.

बाकी दुकानांत फरक पडला तो जीएसटीनेच. विवरणपत्र पोर्टलवर, एप्रिल २०१८ पासून मालवाहतुकीचे ई-वे बिलही पोर्टलवर, बँक ब्राउझरमध्ये, मालाचे फोटो व्हॉट्सअॅप वेबवर. दिवसातले निम्म्याहून अधिक काम फायरफॉक्स किंवा क्रोमच्या खिडकीत गेल्यावर त्या खिडकीमागे विंडोज आहे की आणखी काही, याने काउंटरवरच्या माणसाला फारसा फरक पडेनासा झाला. अर्थात सरकारनेच अर्धी वाट मोकळी करून अर्धी अडवून ठेवली. विवरणपत्रांच्या काही ऑफलाइन युटिलिटी एक्सेलच्या मॅक्रोवर (आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामवर) चालतात, लिब्रे ऑफिसमध्ये त्या नीट चालत नाहीत. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचेही तसेच; लिनक्सचा ड्रायव्हर असतो, पण टोकन विकणाऱ्याला तो बसवता येईलच असे नाही.

त्यामुळे सध्या जे घडते आहे ते सरळ स्थलांतर नाही. तीन मशीनच्या ऑफिसात एक नवे, परवाना घेतलेले विंडोज ११ चे : टॅली, टोकन आणि सीएच्या युटिलिटी त्यावर. उरलेली दोन जुनी मशीन लिनक्स मिंटवर, कोटेशन, पत्रव्यवहार, ई-वे बिल आणि ईमेलसाठी. टॅलीच्या परवान्यासारखा खर्च एकाच मशीनपुरता होतो आणि जुने मशीन भंगारात जात नाही. शिकवायला माणूस नसेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लिब्रे ऑफिसचे धडे मराठी आवाजात देते, ते नव्या ऑपरेटरला पुरतात. ज्यांना विंडोज १० च ठेवायचे आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने पैसे घेऊन जादा अपडेट ठेवले आहेत. धंद्यासाठी पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, तीन वर्षांपर्यंत. पाच हजारांच्या आसपासची रक्कम, ती दहा-बारा हजारांच्या जुन्या मशीनवर कुणी घालणार नाही. जे दुरुस्तीवाले कामाला पक्के आहेत ते आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघतात, त्यावर मालकाचाच प्रिंटर आणि मालकाचेच टोकन लावून एक बिल छापतात, एक विवरणपत्र उघडतात, आणि मगच हार्ड डिस्कला हात लावतात.